अच्युतच्या मासोळ्या आणि उंब्रजचा पाहुणा

आज अच्युतच्या तेराव्याला मी खोटं बोललो. तेही सोवळं नेसून.

अच्युत म्हणजे आमच्या वाईच्या घाटावरचा अच्युतगुरुजी. पाठशाळेत आम्ही एका चटईवर बसायचो. पुढे तो पौरोहित्यात गेला आणि मी सांगलीला संस्कृत शिकवायला. आवाज त्याचा, कंठशोष माझा, अशी वाटणी झाली.

खाली जे लिहितोय ते वाईतल्या काहींना रुचणार नाही असं आज दुपारपर्यंत मला वाटत होतं.

अच्युत मासोळ्या करायचा.

लाकडाच्या. बोटाएवढ्या, पोटाला गळ लावलेल्या. पाण्यातून ओढली की मरळ तिला खरी समजून झडप घालते. इंग्रजीत लूर म्हणतात.

पांगाऱ्याचं हलकं लाकूड कोरायचं, खवले रंगवायचे, डोळे काढायचे. इथवर कुणालाही जमेल. खरी परीक्षा कोटिंगची. वरचा थर कच्चा राहिला की लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि रंगाचे पोपडे निघतात. आधी त्याने लाखेचं पॉलिश लावून पाहिलं. मग नेलपॉलिश. त्याने खालचा रंगच सुरकुतला. मासोळी एका दिवसात आजीबाई झाली.

शेवटी तो इपॉक्सीवर, काचेसारख्या कडक होणाऱ्या रेझिनवर आला. उंब्रजला हायवेलगत रशीदभाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे. एक वास्तुशांत आटपून अच्युत तिथे इपॉक्सी मागायला गेला. भटजीला हे कशाला लागतं, असं रशीदभाईंनी विचारलं. स्वतः रशीदभाई नदीवर गळ टाकणारे. त्या दिवशी अच्युतची परतीची एसटी चुकली आणि दोघांची जन्माची दोस्ती झाली.

दोन ट्यूबमधलं समसमान घेऊन मिसळायचं, ब्रशने लावायचं, आणि मग हा कोट घट्ट धरेपर्यंत मासोळी सतत फिरवत राहायची. थांबलं की सगळं ओघळून खाली जमतं. रशीदभाई म्हणाले, छोटी मोटर बसवून देतो. अच्युतने नको म्हटलं. तो हातानेच फिरवायचा, आणि वेळ मोजायला रोजच्या पाठातलं एक लांबलचक स्तोत्र म्हणायचा. स्तोत्र संपलं की कोट धरलेला असायचा.

एकदा फिरवायचं काम माझ्याकडे होतं. मी मधेच थांबून त्याच्या उच्चारात खोट काढली. तो ऐकेना, मी सोडेना. तोवर मासोळीला चांगलं पोट सुटलं. रशीदभाईंनी तिचं नाव ‘सर’ ठेवलं.

कितीतरी रविवार आम्ही तिघे उंब्रजच्या काठावर बसलो असू. अच्युत मरळ पकडायचा, निरखायचा आणि सोडून द्यायचा. रशीदभाई वैतागायचे.

“गुरुजी, सोडायचाच हाय तर धरता कशाला?”

“दर्शनाला.”

मी त्याला बजावायचो, अरे, यजमानांना कळलं तर काय म्हणतील? तो नुसता हसायचा. मी त्याचं गुपित नीट सांभाळतोय, असं मला वाटायचं.

आज मी पंगतीत वाढत होतो. हातात वरणाचं पातेलं. दारातच घाटावरचे वयोवृद्ध शास्त्रीबुवा बसलेले.

पायरीवर रशीदभाई. पांढरा शर्ट, नुकती केलेली दाढी.

“सर, वैनींनी जेवायला बोलावलंय,” म्हणाले, आणि खिशातून कागदाची पुडी काढून उलगडली. आत अच्युतची शेवटची मासोळी. रंगवलेली, पण वर कोट नाही. “येवढा एक थर द्यायचा ऱ्हायला बघा. गुरुजींच्या घरीच व्हावा म्हटलं.”

गळ उन्हात चमकले. शास्त्रीबुवांनी मान वळवली.

“कोण हे?”

मी म्हणालो, “माहीत नाही. पत्ता चुकलेले दिसतात.”

इतकं शुद्ध, स्पष्ट वाक्य मी वर्गातही बोलत नाही.

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधली.

“व्हय जी. पत्ताच चुकला माजा. माफ करा.”

आणि पायऱ्या उतरून गेले.

मी वरण वाढत पुढे सरकलो. हेही लिहायलाच हवं.

थोड्या वेळाने अच्युतच्या पत्नी, वहिनी, बाहेर आल्या. “भावजी, रशीदभाई नाही आले अजून? त्यांचं पान मांडलंय.”

मी सांगितलं. सगळं नाही, पण त्यांना कळेल इतकं.

त्यांनी रिकाम्या पायरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ह्यांनी कधीच काही लपवलं नाही हो. शास्त्रीबुवांच्या नातवाला ह्यांनीच तर एक मासोळी करून दिलीय. फक्त तुम्ही आलात की चारचौघांत तो विषय काढायचा नाही, असं आम्हाला सांगून ठेवलं होतं. तुमच्याबद्दल म्हणायचे, त्याला संकोच होतो.”

म्हणजे अच्युत आयुष्यभर कुणाची अब्रू सांभाळत होता, ते मला त्याच्या तेराव्याला कळलं.

शास्त्रीबुवा पाटावरून माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा पातेलं उचललं नाही.

रशीदभाईंचं पान तसंच राहिलं. वहिनींनी ते कुणाला उचलू दिलं नाही.

दुपारपासून रशीदभाईंना फोन लावतोय. रिंग जाते. उचलत नाहीत. उद्या पहिल्या एसटीने उंब्रजला जातोय. दुकानात गिऱ्हाईक असेल, तरी सगळ्यांसमोर बोलेन. त्यांनी ओळख दिली नाही तर तेही चालेल.

पण चारचौघांत नाकारलं ते आधी चारचौघांतच मान्य करायचं, म्हणून ही पोस्ट. रशीदभाई फेसबुकवर नाहीत. त्यांच्या मुलाला टॅग केलंय. बाळा, अब्बांना वाचून दाखव. गाळू नकोस काही.

अच्युता, सुखाने जा.

शोकाकुल,
रशीदभाई, उंब्रज.

आणि त्यांनी परवानगी दिली, तर त्यांच्या खाली मी.