मायलेकींचं मनगट

हिंदी मुलखातल्या गुढियारी वस्तीत राहणारी चेतना मेश्राम रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. तिच्या उजव्या मनगटावर करंगळीच्या बाजूचं हाड शाळेत असल्यापासून वर आलेलं. बांगडी चढवताना अडायचं, एवढंच. पण तिशी उलटली आणि पाना फिरवताना मनगट आतल्या आत सटकायला लागलं. एकदा तर पाना हातातून सुटून तिच्याच बुटावर पडला.

"मनगट धोका देऊन राहिलं, माय," ती घरी येऊन म्हणाली.

"आपल्या घरात असाच राह्यते हात," कलावतीबाई म्हणाल्या. "माह्या मायचाही होता. तेल लाव."

तेलानं भागेना. दोघी शंकर नगरात हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी एक्स-रे दाखवला. वयात येताना अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची एक कड वाढायची थांबली होती. ते हाड तिरपं झालं, शेजारचं मात्र वाढत गेलं, आणि सांध्याला नीट बसायला जागाच उरली नाही. तिरपं हाड कापून सरळ करायचं, धातूची पट्टी लावून स्क्रूनं धरायचं, लांब हाड थोडं आखूड करायचं, असा उपाय होता.

कापायचं ऐकताच कलावतीबाई उठल्या. "चाल घरी. असल्याच हातानं मी संसार केला."

"अम्मा, जरा अपना हाथ दिखाइए," डॉक्टर म्हणाल्या. "हथेली ऊपर कीजिए."

कलावतीबाईंचा तळवा अर्ध्यावरच थांबला. आई कधी ओंजळीनं पाणी घेत नाही, हे चेतनाला ठाऊक होतं. तिला ती सवय वाटायची.

"दुखते काय तुले?"

"दुखते ना. कोणी विचारलंच नाही कधी."

कलावतीबाई परत खुर्चीत बसल्या. चेतनाचं ऑपरेशन झालं. प्लास्टर निघालं तेव्हा काडीसारखा झालेला हात पाहून चेतना घाबरली, पण व्यायाम तिनं सोडला नाही. आता ती कामावर परतली आहे. थंडीत मनगट ठणकतं, सगळ्यात जड पाना अजून ती उचलत नाही. सांधा मात्र सटकत नाही.

कलावतीबाईंना डॉक्टरांनी मनगटाचा पट्टा आणि व्यायाम दिला. मागच्या महिन्यात त्या स्वतःच मुलाच्या वयात येणाऱ्या पोरीला घेऊन दवाखान्यात निघाल्या.

"आजी, मेरे को दर्द थोड़ी है," पोरगी कुरकुरली.

"नसू दे," कलावतीबाई म्हणाल्या. "दुखायच्या आधीच दाखवू."