उभ्या माणसाची लांबी

आमच्या वन्संना गणितातल्या माणसांची काळजी वाटायची. पुस्तकात लिहिलेलं असायचं, 'बारा मजूर एक तळे तीस दिवसांत खणतात.' कुणीही शहाणा माणूस बारा नि तीसचा गुणाकार मांडून मोकळा होईल. वन्संचा हात मात्र तिथंच थांबायचा. "तीस दिवसांत एक बी आजारी पडला न्हाई का गं?" मी म्हणायची, "वन्सं, ते खरे मजूर नाहीत." तर त्या म्हणायच्या, "खरे न्हाईत तर मग खनत्यात कशाला?" यावर काय बोलायचं, कपाळ! मी डोक्याला हात लावून बसायची आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी नगर शहरातली, मॅट्रिक झालेली. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी लग्न होऊन तिसगावला आले, तेव्हा त्या माहेरीच होत्या. चार वर्षं शेजारच्याच गावात नांदल्या, मूल झालं नाही, म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि यांना एका ट्रंकेसकट आणून सोडलं. पुढं तो बिऱ्हाड घेऊन जळगावकडं एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला. गावात त्यांना 'टाकलेली' म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण ऐकू जाईल इतपत नक्की म्हणायचे. सासूबाई वाईट नव्हत्या. पण पोटच्या लेकीच्या ताटात भाकरी वाढताना सुस्कारा टाकल्याशिवाय त्यांच्या हातून भाकरी सुटायची नाही, हे मी रोज बघत होते आणि रोज माझं डोकं फिरत होतं.

वन्संना त्या ताटावरून उठायचं होतं. वाट एकच होती. सातवीची फायनल बाहेरून पास व्हायची, मग मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं, मग कुठल्या तरी गावात शाळा मिळाली की स्वतःची चूल मांडायची. मराठी, इतिहास, भूगोल सगळं त्यांना यायचं. दोनदा परीक्षेला बसल्या आणि दोनदा अंकगणितानं खाली आणलं. ट्रेनिंगला वयाची अट होती. आता फक्त एक खेप उरली होती. मी घरात पाऊल टाकल्यावर आठ दिवसांत त्यांनी मला विचारलं, "सुमन, तुला आगगाड्या येत्यात का?" मला वाटलं, बाईचं काही बिनसलंय. मग कळलं, त्यांना काळ-काम-वेग म्हणायचं होतं.

दुपारी भांडी झाली की आमची शाळा भरायची, चुलीपुढच्या सारवलेल्या भुईवर. फळा म्हणजे ती भुई, खडू म्हणजे विझलेला कोळसा. तिसगावात रेल्वे नाही. वन्संनी आगगाडी लांबूनसुद्धा पाहिलेली नव्हती. मी भुईवर लांबडी रेघ ओढून सांगायची, ही गाडी, ही शंभर मीटर लांब, हा खांब. गाडीनं खांब ओलांडायचा म्हणजे स्वतःच्या लांबीएवढं जायचं. पूल असला तर पुलाची लांबी त्यात मिळवायची. एकदा खांबाच्या जागी माणूस आला. 'फलाटावर उभ्या असलेल्या माणसास ओलांडण्यास किती वेळ लागेल?' मी म्हटलं, "खांब काय नि माणूस काय, उभ्याची लांबी धरायची नाही. शून्य."

"सून्य?" वन्सं म्हणाल्या. "चालता असला तर?"

"चालता असला तर त्याचा वेग धरायचा."

"म्हंजे चालतोय तवर त्याला धरायचं. उभा ऱ्हायला की सून्य." त्यांनी त्या रेघेकडं जरा वेळ पाहिलं आणि मग गणित बिनचूक सोडवलं.

समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांवर तर आमचं भांडणच झालं. दोघी निघाल्या, अमुक तासांनी भेटल्या. वन्सं म्हणाल्या, "भेटल्यावर थांबत्यात का?" मी म्हटलं, नाही, आपापल्या वाटेनं निघून जातात. "मग भेटल्या कसल्या? नुसत्या दिसल्या म्हन." मी चिडून म्हटलं, "तुम्हाला गाडीत बसवून देते वन्सं, मग दोघींना चहा पाजा!" तीन दिवस त्या मला 'चहावाल्या बाई' म्हणून हाक मारत होत्या. घरात सुस्कारे टाकणारी तोंडं पुष्कळ होती, हसणारं तोंड ते एकच होतं.

सगळ्यात जास्त संताप त्यांना एका जातीच्या गणितांचा यायचा. 'दोन पुरुष किंवा तीन स्त्रिया एक काम इतक्या दिवसांत करतात.' हे वाचलं की पुस्तक भुईवर आपटायच्या. "ह्यो मांडनारा कधी रानात गेलाय का? तीन बाया काय पान खात बसल्या हुत्या?" मी समजावायची, वन्सं, पेपरात मार्क पाहिजेत तर दोनाला तीन धरा आणि गप सोडवा. त्या सोडवायच्या, पण उत्तराखाली रेघ इतक्या जोरात मारायच्या की कोळसा मोडायचा.

घड्याळाचं एक गणित मात्र त्यांच्या फार जवळचं होतं. रोज पाच मिनिटं मागं पडणारं घड्याळ पुन्हा बरोबर वेळ कधी दाखवील? बारा तास मागं पडलं की, म्हणजे एकशे चव्वेचाळीस दिवसांनी. हे पहिल्यांदा उलगडलं तेव्हा त्यांनी त्या आकड्याभोवती कोळशानं गोल काढला. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे मागं मागं पडत गेलं तरी येका दिवशी बरूबर येतंय व्हय?" मी म्हटलं, येतं. "कुनी हात न लावता?" मी म्हटलं, कुणी हात न लावता. त्या दिवसापासून अभ्यासाला बसताना आधी ते एक गणित करायच्या, देवाला हात जोडल्यासारखं. मलाही तेव्हा ते खरं वाटायचं. पाठ केलेली सूत्रं माणसाला लागू पडतात असं वाटायचं वय होतं माझं.

मग दुष्काळ आला. आमची विहीर तळाला गेली, बैल छावणीत गेले आणि गावात ज्याला हातपाय होते तो पाझर तलावाच्या कामावर गेला. हे गेले, वन्सं गेल्या, मी गेले, घरी सासूबाई तेवढ्या राहिल्या. बाप्ये खणायचे, बायका मातीच्या पाट्या वाहायच्या. पहिल्याच आठवड्यात आमच्या टोळीतल्या एका म्हातारीनं वन्संची भरलेली पाटी अर्धी उपडी केली. म्हणाली, "येडी का खुळी गं तू? तळं झालं की काम मिटलं. मग काय खाशीला? दमानं घे." खरं होतं ते. हे काम संपलं असतं तर पुढचं कुठं निघणार, निघणार की नाही, कुणाला ठाऊक! म्हणून सगळं तळं दमानं घेत होतं. वरून आणखी एक गंमत होती. पाथर्डीकडची माणसं आली, गर्दी वाढली, की साहेब येऊन भराव आणखी लांब आखून द्यायचा. माणसं वाढली की काम लांबायचं. लोक म्हणायचे, "येऊ द्या अजून, तेवढंच दोन म्हैने जास्त चालंल." वन्सं पाटी डोक्यावर घेऊन मला म्हणायच्या, "सुमन, आपल्या पुस्तकवाल्याला हितं आनला पायजे. चक्कर यील त्याला." आम्ही दोघी हसायचो. तोंडात धूळ जायची तरी हसायचो.

रात्री अभ्यास होईना. दिवसभर पाट्या वाहिल्यावर मान धरायची, डोळे मिटायचे. दुपारच्या सुट्टीत कामावर मिळणारी सुकडी खाताना मी एखादं गणित तोंडी घालायची, त्या बोटांवर सोडवायच्या. बरोबर यायचं. तळ्याचं, मजुरांचं, त्यांना झोपेतून उठवलं असतं तरी बरोबर आलं असतं. म्हणून त्या गणिताची मला काळजीच नव्हती.

परीक्षा मे महिन्यात, पाथर्डीला. गणिताच्या दिवशी त्या संध्याकाळच्या एसटीनं आल्या त्या हसतच. पाय धुतले, चुलीपुढं बसल्या आणि एकेक गणित सांगायला लागल्या. गाडीचं आलं, घड्याळाचं आलं, व्याजाचं जरा अवघड होतं पण झालं. "आनि सुमन, तळ्याचं आलं हुतं! बारा मजूर, तीस दिवस. अठरा मजूर लावले तर किती दिवस?"

"किती लिहिलं?"

"पंचेचाळीस."

वीस यायला हवे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि बोटांवर मोजायला लागल्या. "मानसं वाढली की काम..." एवढं म्हणाल्या आणि बोटं जागीच राहिली. चूल पेटलेली होती. तिच्या उजेडात त्यांचं तोंड कसं उतरत गेलं ते मी पाहिलं, आणि देवाशपथ सांगते, मला त्या तळ्याचा, त्या साहेबाचा, त्या पुस्तकाचा, सगळ्यांचा इतका राग आला की तवा उचलून फेकावासा वाटला. तीन महिने ज्यानं अर्धी पाटी वाहिली त्याचा हात दुसरं काय लिहील? वन्सं म्हणाल्या, "जाऊ दे गं. पाच मार्काचं तर हाय." आणि भाकरी थापायला बसल्या.

निकालात गणितात तीन मार्क कमी पडले.

त्यानंतर पंधरा दिवसांत जळगावकडून त्यांचा दीर आला. दुसरी बायको बाळंतपणात गेली होती. मागं दोन लेकरं होती आणि तिसरं हातावरचं होतं. वन्संना न्यायला आला होता. नवरा स्वतः आला नाही, त्याला सुट्टी नव्हती म्हणे. मी सैपाकघरातून बाहेर येऊन म्हटलं, "पाच वर्षं यांची आठवण झाली नाही, आता लेकरं सांभाळायला झाली का?" सासूबाईंनी मला आत ढकललं. आमचे हे पाहुण्याला पाणी द्यायला उठले. सासूबाई लेकीजवळ बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "घर चालून आलंय बाई. आता कशाची वाट बघती? परीक्षा बी ऱ्हायली न्हाई." ते खरं होतं. मी वन्संना एकटं गाठून म्हटलं, नाही म्हणा, मी आहे. त्या म्हणाल्या, "तू हायस गं. पन माझं वय न्हाई ऱ्हायलं." मग म्हणाल्या, "ते घड्याळाचं गनित हाय न्हवं, ते भिंतीवरच्या घड्याळाचं हाय. मानसाचं न्हाई." पुस्तक त्यांनी मला परत दिलं. ट्रंकेत दोन लुगडी जास्तीची मावली.

नगरच्या स्टेशनवर सोडायला हे आणि मी गेलो. वन्संनी आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती अशी. चढायच्या आधी इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "शंभर मीटरपेक्षा लई लांब हाय." खिडकीजवळची जागा मिळाली. दीर ट्रंकेवर पाय टाकून बसला. वेळ झाली तरी गाडी हलेना. वन्संनी विचारलं, का थांबलीय? हे म्हणाले, "आक्का, समोरून गाडी यायचीय. पुढं रूळ येकच हाय. ती आली की ही सुटंल."

वन्संनी माझ्याकडं पाहिलं. "सुमन, हे आपल्या पुस्तकात न्हवतं गं."

"काय?"

"येकीनं बाजूला उभं ऱ्हायाचं."

समोरची गाडी धाडधाड करत आली. वन्सं तिच्याकडं लहान पोरीसारखं टक लावून बघत होत्या. मला आता रडू आवरत नव्हतं, म्हणून की काय त्या एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "ए चहावाल्या बाई, रडती काय? काम सांगते ते कर. तिथं इंजिनाच्या पुढं खांबापाशी उभी ऱ्हा. माझी गाडी तुला वलांडाया किती येळ लावती ते मोज. मी आले की सांग. आपन लांबी काढू."

मी खांबापाशी जाऊन उभी राहिले. गाडी हलली. इंजिन माझ्यासमोर आलं तसं मी मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन. वन्संचा डबा आला, त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला होता. मला हात करायचा होता, पण मोजणं चुकेल म्हणून मी केला नाही. शेवटचा डबा गेला तेव्हा आकडा माझ्या ओठांवर होता. ह्यांनी विचारलं, काय पुटपुटतीस? मी सांगितलं नाही.

वन्सं परत आल्या नाहीत. लेकरं लहान होती, मग त्यांची दुखणी निघाली, मग सासरा अंथरुणाला खिळला, दर वर्षी काहीतरी. चौथ्या वर्षी त्या गेल्याची तार आली. कशानं गेल्या तेसुद्धा तारेत नव्हतं. सासूबाईंनी हंबरडा फोडला. मी चुलीपुढं जाऊन बसले, जिथं आमची शाळा भरायची तिथं.

तो आकडा मी कुणाला सांगितलेला नाही. तो वन्संना सांगायचा होता.