ड्वेनचं चिमुकलं पॅराशूट

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या धावपट्टीवर वर्लीन टकेट तीस वर्षं पॅराशूट तपासून घडी घालून देत होती. जेमतेम बारा उड्या मारलेला ड्वेन एक जुनं, चिमुकलं पॅराशूट विकत घेऊन आला.

"बघ वर्लीन, कसलं भारी मिळालंय!"

"हे मुरलेल्यांचं काम. तुला घेऊन दगडासारखं खाली येईल. शंभर उड्या होईपर्यंत भाड्याचं मोठंच वापर."

"तू म्हणजे माझी आजीच!" तो फुरंगटून भाड्याचं चढवून विमानात बसला.

वर्लीनचा जीव थाऱ्यावर नव्हता. हातातली घडी तिने दोनदा मोडली. उतरताना वावटळ आली आणि ड्वेन आपटला. ती धावत सुटली.

गुडघे झाडत तो उठला, चेहरा पांढराफटक.

"ते लहान असतं तर?"

"तर उठला नसतास."