आवाज बंद असलेली सभा

ती सभा मी पाहिली ती पोलीस ठाण्यातील संगणकावर. तरी तिच्यातील एक चेहरा आजही जसाच्या तसा आठवतो. नोकरीची अखेरची वर्षे होती आणि रायपूरच्या जुन्या वस्तीतील एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

खबर फोनवरून आली. तात्यापारा वस्तीतील एका मराठी मंडळाचा हॉल खोट्या ठरावाने पंडरी बाजारातील कापडव्यापाऱ्याला गोदामासाठी भाड्याने जात आहे, रविवारी किल्ल्या देणार, एवढे सांगून माणसाने फोन ठेवला. निनावी खबरीवर मी धावत नसे. रोजनामच्यात नोंद केली आणि थांबलो. दुसऱ्या दिवशी मंडळाची एक सभासद बाई तक्रार घेऊन आली.

रेल्वे कर्मचाऱ्याची विधवा, सत्तरीची. त्या हॉलमध्ये रोज दुपारी ती मुलींना शिवणकाम शिकवीत असे. हॉल गेला की वर्ग संपला.

"साहेब, ऑनलाइन सभेत मी विरोध केला. उभी राहून केला. अन् हे म्हणतात, सर्वानुमते मंजूर! मी काय मेली होती का?"

ऑनलाइन सभा बेकायदा नव्हती. मंडळाच्या उपविधीत तशी तरतूद होती, सूचना वेळेत गेली होती, गणसंख्या पुरी होती. मी सचिवाला बोलावले. चौबे कॉलोनीत राहणारा, चाळिशीतला, सरकारी कचेरीतला नोकरदार. बाईंना मी खोलीतच बसवून ठेवले. समोरासमोर बसवले की माणसे कमी फुगवून सांगतात.

"हरकत कुणाची आहे का, असे विचारले होते?"

"विचारलं ना साहेब. अन् थांबलो पण. कोणीच बोललं नाही."

"नेहमी असेच विचारता?"

"बाबा सचिव होते तेव्हापासून हेच चालू आहे. ठराव वाचायचा, हरकत विचारायची. कोणी बोललं नाही, की टाळ्या अन् पास."

"तुह्या कानात कापूस होता का रे?" बाई म्हणाल्या.

"काकू, तुमचा आवाजच नाही आला, सच्ची!"

खोटे बोलणारा माणूस सहसा न विचारलेले तपशील देतो. हा देत नव्हता. व्यापाऱ्याशी त्याचे नाते वा देवघेव आहे का, याची चौकशी केली. काही निघाले नाही. हॉलचे छप्पर गळत होते आणि दुरुस्तीसाठी त्याला भाडे हवे होते. दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांचे जबाब जुळत नव्हते.

मग सभेचे चित्रीकरण मागवले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा सचिवाचा आवाज तेवढा ऐकू आला आणि आक्षेपार्ह काही आढळले नाही. रस्त्यावरील भांडण लांबून पाहिले, की कोण काय म्हणतो ते कळत नाही, पण कोण कुणावर धावून जातो ते नेमके कळते. या अनुभवावरून मी आवाज बंद केला आणि चित्रीकरण पुन्हा लावले.

आता चौकटींकडे लक्ष गेले. सचिव मान खाली घालून ठराव वाचत होता. खालच्या कोपऱ्यातील चौकटीत बाई उभ्या होत्या. ओठ हलत होते, हात जोरजोराने हलत होता. आणखी दोघांचे ओठ हलत होते. सचिवाने मान वर केली, क्षणभर पाहिले, हसून हात हलवला आणि टाळ्या वाजवल्या.

मी दोघांना पुन्हा बोलावले आणि चित्र तिथेच थांबवून दाखवले. "या बाई काय करीत आहेत?"

सचिव पडद्याजवळ वाकला. "मले वाटलं, नमस्कार करून राहिल्या. ऑनलाइन आले का सगळेच हात हलवतात ना, साहेब."

"पोट्ट्या, डोळे वटारून कोणी नमस्कार करते का?"

"सगळ्यांचे माइक कुणी बंद केले होते?" मी विचारले.

"मीच. मागच्या सभेत कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही... लय शोर झाला होता."

"हरकत विचारताना उघडले?"

"भूल गया, साहेब."

फसवणुकीचा हेतू नव्हता. गुन्हा नोंदवला नाही. ठराव वैध की अवैध हे ठरवणे पोलिसांचे काम नाही, ते संस्था निबंधकांकडे विचारा, असे मी दोघांना सांगितले. सचिवाने किल्ल्या देणे थांबवले आणि निबंधक कार्यालयात जाऊन आला. नव्याने सूचना काढून पुन्हा ऑनलाइन सभा बोलावली. मंडळाच्या विनंतीवरून मी ती पाहिली.

या वेळी सचिवाने प्रत्येकाचे नाव पुकारले, चेहरा पाहून ओळख पटवली, माइक उघडला, मत विचारले आणि ते सर्वांना ऐकू जाईल असे परत उच्चारले. सभा लांबली. कुकरच्या शिट्ट्याही झाल्या. पण भिलाई आणि नागपूरला गेलेले, हॉलची पायरी कित्येक वर्षे न चढलेले सभासदही बोलले. बाईंची पाळी आली.

"ऐकू येऊन राहिलं का रे?"

"हव काकू, बोला."

"मग ऐक. माहा विरोध आहे."

"काकूंचा विरोध," सचिवाने खणखणीत आवाजात परत उच्चारले.

ठराव पडला. छपराचे काय, असे सचिवाने विचारताच भिलाईच्या एका निवृत्त फोरमनने ते काम अंगावर घेतले. शिवणवर्ग आजही त्याच छपराखाली चालतो.

गप्प राहिलेला माणूस आणि गप्प केलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. तपास करणाऱ्याने आधी विचारावे, की याला बोलण्याची सोय होती का. या प्रकरणाने मला हे शिकवले.

मंडळाने त्या दुसऱ्या सभेत आणखी एक नियम केला, आणि तो बाईंनी सुचवला होता. ऑनलाइन सभेत नमस्कार दोन्ही हात जोडूनच करायचा. एक हात वर दिसला, की सचिवाने वाचन थांबवायचे.