कात्री न लावता सोडवलेली जट

त्या हरताळाचे माझ्यावर तरी उपकारच आहेत. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव बंद होतं, लालबागच्या नाक्यावर घोषणा चालल्या होत्या आणि परळला आमच्या चाळीत माणसं घरात बसून होती. म्हणून तर गिरणीत जाणारी आमची शेजारीण सलग तीन दिवस हाती लागली.

तिच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात जट झाली होती. केस एकमेकांत गुंतून पार दोरखंड झालेला. सासूने गावाहून निरोप धाडला होता की देवीचं बोलावणं आलंय, जत्रेला पोर घेऊन ये, देवीला सोडू. एकदा सोडली की शाळा नाही, लग्न नाही, जन्मभर जोगवा मागत फिरायचं. जत्रा आठ दिवसांवर आली होती.

मी तेव्हा वीस वर्षांची, ट्रेनिंग कॉलेजात जाणारी आणि तोंडाने फटकळ. आम्ही ख्रिस्ती, असलं काही मानत नाही, याची मला भारी घमेंड. सरळ कात्री घेऊन तिच्या दारात गेले आणि ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणून सुनावलं. तिने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. बरोबरच केलं म्हणा. दोन मुलं गमावलेली बाई ती, तिसरीच्या डोक्याला माझी कात्री लागू देईल होय?

आत्याने माझी चांगली खरडपट्टी काढली. आत्या मिशनच्या शाळेत शिकवायची आणि चर्चमधल्या बायकांना क्रोशाचं विणकाम दाखवायची.

“कापली की देवी कोपते, असं मानते ना ती? मग कापायची कशाला? सोडवू.”

खोबरेल तेलाची वाटी आणि क्रोशाच्या दोन सुया घेऊन तिने शेजारचं दार वाजवलं. मी मागे उभी. “चुकलं माझं, वहिनी,” एवढंच म्हणाले.

“कात्री न्हाई ना, बाई?” शेजारणीने आत्याला विचारलं.

“नाही. आणि काही झालंच तर ते माझ्या माथी. तसं माझ्या प्रभूला सांगून आलेय मी.”

मग बसलो की दोघी! तेल मुरवायचं, सुईने एकेक केस ओढायचा. पहिल्या दिवशी बोटभर सुटलं आणि मला नाचावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी खांदे भरून आले. आत्या एकेका केसागणिक ओठातल्या ओठात प्रार्थना करत होती.

“आत्या, तू पण घाबरतेस?” मी हळूच विचारलं.

“घाबरते तर. माझ्या आजीच्या बहिणीला अशीच सोडली होती. आपण ख्रिस्ती व्हायच्या आधी.”

हे मला घरात कोणी सांगितलंच नव्हतं. माझी सगळी घमेंड उतरली. त्या दुपारी मी मनापासून प्रार्थना केली, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी खालून मोर्चा चालला होता आणि सगळी चाळ कठड्याला लागली होती. आम्ही मान वर केली नाही. पाठभर केस मोकळे झाले होते! राहिली होती मानेजवळची एकच गाठ, आणि ती काही केल्या सुटेना. ती राहिली तर सासू म्हणणार, देवी अजून आहेच. आत्यानेही सुई खाली ठेवली. मला रडूच फुटलं.

वर्षभर भीतीने त्या डोक्याला हात न लावलेली पोरीची आई तीन दिवस कोपऱ्यात बसून होती. ती उठली.

“सरका,” म्हणाली.

गिरणीत वाइंडिंग खात्यात सुताच्या गाठी सोडवण्यात तिची बारा वर्षं गेली होती. तिने सुई घेतलीच नाही. नखाने गाठ चाचपली, एक केस उचलला, मग दुसरा. बघता बघता गाठ सुटली आणि पोरीचे केस आईच्या मांडीवर पसरले.

ती कितीतरी वेळ त्यांतून बोटं फिरवत राहिली. मग माझ्याकडे वळली.

“सासूला पत्र लिवा. पोर येत न्हाई म्हनावं. आन् हे म्या म्हनते, ख्रिस्ती बाई न्हाई.”