पुलाखालचा हात

शनिवारी आमच्या पाचवीच्या वर्गात पुठ्ठ्याचे पूल उभे राहतात आणि मोबाइलवर त्यांच्या गोष्टी तयार होतात. मातीचं जनावर जरासं सरकवायचं, हात मागे घ्यायचा आणि फोटो काढायचा. असे फोटो भराभर दाखवले की जनावर चालू लागतं. प्रत्येक फोटोआधी सगळा वर्ग "हात" म्हणून ओरडतो, म्हणजे कुणाचा हात मध्ये राहत नाही.

सावनीच्या फोटोंत मात्र हात होताच. वर मातीची शेळी पूल ओलांडत होती आणि खाली सावनीचा डिंकाने चिकट झालेला पंजा.

"हे पुसून परत काढू या का?" मी विचारलं.

"नको ना बाई. हात काढला की पूल पडतो. शेळी मध्येच आहे."

पुठ्ठ्याला घड्या घातल्या की तो वाकत नाही, हे तिला सांगायचं होतं. ते पुढच्या शनिवारवर टाकलं.

मी नोकरीत नवी होते तेव्हा शेजारच्या वर्गातल्या बाई काही ना काही निमित्ताने माझ्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. मुलं गप्प बसायची ती त्यांना बघून. मला वाटायचं, आपल्याला छान शिकवता येतं.

शेवटी सगळ्यांनी गोष्ट पाहिली. शेळी पलीकडे पोचली, मग हात अलगद निघाला आणि पूल कोसळला. शेळी गवत खात राहिली.

"तिला कळलंच नाही," कुणीतरी म्हणालं.

"कशाला कळायला पाहिजे?" सावनी बोटांवरचा डिंक सोलत म्हणाली. "पोचली ना ती."