ठसा कुणाचा?

ताईचा फोन आला तेव्हा मी कॅनडात, मिल्टनच्या आमच्या घरासमोर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते. "हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की माझ्या लाकूड कोरायच्या कोरण्या भाऊजींच्या बेसमेंटमध्येच राहिल्या. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? सहा आठवडे झाले, माझा राग काही उतरलेला नाही. मंडळाच्या ग्रुपवर जो तो लिहीत होता, भाऊजींनी आमच्या मनावर कायमचा ठसा उमटवला. उमटवला ना... पण ठसा उमटवण्याआधी तो कुणीतरी कोरावा लागतो.

आमचे अण्णा कापडछपाईचे लाकडी ठसे कोरायचे. त्यांच्याजवळ बसून माझा हात तयार झाला. भाऊजी इंजिनीअर. रिटायर झाल्यावर त्यांना जपानी ठशांच्या चित्रांचं वेड लागलं. त्यांच्या गावच्या, व्हिटबीच्या लायब्ररीत ते बोलायचे आणि फार छान बोलायचे, ते नाकारून चालणार नाही. जपानी चित्रं युरोपात पोचली आणि तिथले चित्रकार सावल्या विसरले, सपाट रंग भरू लागले, माणसं चौकटीच्या कडेला अर्धी कापू लागले, हे सगळं ते स्लाइड दाखवून सांगत. शेवटी ठरलेलं वाक्य, "याला चोरी नाही, इन्फ्लुअन्स म्हणतात." मी मागच्या खुर्चीत बसून मनात म्हणायची, आमच्याकडे याला उचलेगिरी म्हणतात.

कारण आठ वर्षं दर शनिवारी चित्र ते काढत आणि लाकूड मी कोरत असे. छापायचीही मीच. कोपऱ्यात नाव मात्र एकच, मनोहर. पाहुण्यांना ओळख करून देत, "ही माझी मेहुणी, थोडी हेल्प करते." एकदा टोरोंटोला म्युझियममध्ये एका जुन्या जपानी चित्रावर मला कोरणाऱ्याचाही शिक्का दिसला. मी त्यांना तिथंच विचारलं, "भाऊजी, मग माझं नाव?" ते हसले. "अगं, तू घरचीच ना?"

त्याच आठवड्यात त्यांनी व्हिटबीच्या तळ्याकाठच्या बोटींच्या धक्क्याचं चित्र पूर्ण केलं. पातळ कागदावरचं चित्र लाकडावर पालथं चिकटवायचं असतं, म्हणजे छापल्यावर सुलट येतं. हे काम नेहमी माझं. त्या दिवशी मी रुसून वरच बसले, म्हणून त्यांनी स्वतः चिकटवलं... उताणं. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. सात शनिवार मुकाट्यानं कोरत राहिले. पहिला कागद उचलला तर धक्का भलत्या बाजूला आणि मनोहर उलटा. भाऊजींनी कागद दिव्याखाली धरला. "तुला दिसलं होतं?"

"मी फक्त हेल्प करते, भाऊजी."

प्रदर्शनात त्यांनी ते चित्र तसंच लावलं आणि मुद्दाम केलंय म्हणून सांगितलं. त्यानंतर ते असेपर्यंत मी व्हिटबीला गेले नाही. फोन त्यांनीही केला नाही.

परवा कोरण्या आणायला गेले. ताई म्हणाली, "टेबलावर ठेवलंय बघ काहीतरी. हात लावू नका म्हणायचे." लाकडाची नवी फळी होती. वर कागद चिकटवलेला, या वेळी नीट पालथा. त्याच धक्क्याचं चित्र. कोपऱ्यात नावं दोन. उलटी अक्षरं वाचायची मला लहानपणापासून सवय आहे. पहिलं मनोहर, आणि शेजारी तेवढ्याच आकाराचं सुनंदा.

मी तिथंच स्टुलावर बसले. रडू आलं आणि त्याचाही राग आला. आठ वर्षं ज्या माणसाच्या तोंडून निघालं नाही, ते त्यानं पालथ्या कागदावर लिहून ठेवलं आणि निघून गेला. म्हणजे माझं नावसुद्धा मीच कोरायचं.

फळी घरी आणली आहे. धक्का, तळं, आकाश, काही कोरलेलं नाही. मनोहर अजून कागदावरच आहे.

सुनंदा तेवढं कोरून झालं.